आधी परीक्षानळी, मग गोळी

घरच्या स्विमिंग पूलचे सामान आणायला गेलेला माणूस दुकानात आधी क्लोरीनच्या गोळ्यांचा डबा मागतो आणि निघता निघता ‘एखादं टेस्ट किट पण द्या’ म्हणतो. दुकानदार दोन नळ्यांचे, पिवळ्या-लाल रंगपट्टीचे स्वस्तातले किट काउंटरवर ठेवतो आणि व्यवहार पुरा होतो. माझे म्हणणे असे की हा क्रम उलटा हवा. कोणते क्लोरीन घ्यायचे हे तुमच्या पाण्यात आधीच काय साठले आहे यावर ठरते, आणि ते कळायला किटच लागते. लोणावळा, कर्जत, अलिबागची फार्महाऊस असोत की गोव्यात भाड्याने दिले जाणारे व्हिला, गोळीवर चालणारे पूल सगळीकडे आहेत. ही गोळी जो पदार्थ पाण्यात मागे ठेवते, तो मोजण्याची सोय त्या स्वस्त किटमध्ये नसतेच. म्हणजे जे वाढते आहे ते मोजायचे नाही आणि जे मोजतो त्यावरून भलताच निष्कर्ष काढायचा, असा प्रकार होतो.

थोडे रसायनशास्त्र सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. क्लोरीन कोणत्याही रूपात टाका, जंतू मारण्याचे खरे काम हायपोक्लोरस ॲसिड करते. हे ॲसिड उन्हात टिकत नाही. उघड्या पुलात, भर दुपारी, नुसते क्लोरीन टाकले तर दोन-तीन तासांत त्यातले बहुतेक उडून जाते. म्हणून सायन्युरिक ॲसिड वापरतात, ज्याला या धंद्यात स्टॅबिलायझर म्हणतात. ते क्लोरीनला धरून ठेवते, उन्हापासून वाचवते आणि लागेल तसे सोडते. पुलाचे क्लोरीन त्यामुळे मुदत ठेवीत टाकलेल्या पैशासारखे होते: असते आपलेच, पण हातात खेळते फार थोडे. स्टॅबिलायझर असलेल्या पुलात नव्वद टक्क्यांहून जास्त क्लोरीन असे अडकलेले असते. हे समीकरण नवे नाही. ओब्रायन, मॉरिस आणि बटलर या संशोधकांनी १९७४ मध्येच त्याचे गणित मांडले होते. त्यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट एवढीच की सायन्युरिक ॲसिड दुप्पट झाले तर तेवढेच काम करून घ्यायला क्लोरीनही दुप्पट ठेवावे लागते. अमेरिकेतल्या घरगुती पूलधारकांत एक ठोकताळा रूढ आहे: सायन्युरिक ॲसिड जितके पीपीएम (म्हणजे मिलिग्रॅम प्रतिलिटर), त्याच्या सुमारे साडेसात टक्के क्लोरीन कायम हवे. ३० असेल तर सव्वादोन, ५० असेल तर पावणेचार, १०० असेल तर साडेसात. साध्या किटची रंगपट्टी तीन किंवा पाचला संपते, हे इथे लक्षात घ्या.

आता गोळीकडे येऊ. आपल्याकडे पूलवाले ‘टीसीसीए’ किंवा ‘टीसीसीए नाइन्टी’ म्हणून जी पांढरी गोळी किंवा दाणे देतात, त्या पदार्थाचे पूर्ण नाव ट्रायक्लोरो आयसोसायन्युरिक ॲसिड. सायन्युरिक तिच्या नावातच आहे, आणि वजनाने अर्ध्याहून अधिक तेच आहे. या गोळीतून १० पीपीएम क्लोरीन मिळाले की त्यासोबत सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड पाण्यात येते. क्लोरीन खर्च होते, ते मात्र तसेच राहते. ते उडत नाही, वाळूच्या फिल्टरमध्ये अडकत नाही, उन्हाने फारसे कमी होत नाही. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल, म्हणजे ४०,००० लिटरचा पूल धरा. उन्हाळ्यात रोज २ पीपीएम क्लोरीन खर्च होत असेल तर रोज ८० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे साधारण ९० ग्रॅम टीसीसीए लागेल. दिवसाला १.२ पीपीएम सायन्युरिक ॲसिड जमा, महिन्याला ३६. कोऱ्या पाण्याने सुरुवात केली तरी तीन महिन्यांत शंभरी ओलांडली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ च्या आपल्या मार्गदर्शिकेत पूलच्या पाण्यासाठी सांगितलेली कमाल मर्यादाही १०० मिलिग्रॅम प्रतिलिटर हीच आहे. मग मे महिन्यात पाणी हिरवट दिसू लागते, केअरटेकर आणखी गोळ्या टाकतो, आणि ज्याने दुखणे झाले त्याचाच डोस वाढतो. एवढ्यावर भागले नाही तर मोरचूद येते. त्याने शेवाळ दबते खरे, पण तांबे पाण्यात साठते, टाइल्सच्या फटींवर डाग पाडते आणि जंतूंचा प्रश्न होता तिथेच ठेवते.

किट निवडताना पहिला प्रश्न म्हणूनच हा विचारावा: यात सायन्युरिक ॲसिडची चाचणी आहे का? ही चाचणी दिसायला अगदी साधी असते. पुलाचे पाणी आणि मेलामाइन असलेले द्रावण समान घेऊन हलवले की पाणी दुधाळ होते. ते तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत हळूहळू ओतत जायचे. ठिपका दिसेनासा झाला की थांबायचे आणि नळीवरचा आकडा वाचायचा. ठिपका शंभरच्या रेघेआधीच नाहीसा झाला, तर पुलाचे पाणी निम्मे आणि नळाचे निम्मे घेऊन पुन्हा चाचणी करायची आणि उत्तराची दुप्पट करायची. महिन्यातून एकदा केली तरी पुरते. दहा आकड्यांची चूक सहज होते, पण इथे आपल्याला ४० आणि १४० यांतला फरक हवा आहे; तो ही नळी नक्की दाखवते.

दुसरा प्रश्न क्लोरीन मोजण्याचा. त्या पिवळ्या रंगाच्या नळीत ऑर्थोटोलिडीन असते. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर घरोघरच्या नळाला जी ‘ओटी टेस्ट’ करतो, तीच ही. मग जी चाचणी गावाच्या पिण्याच्या पाण्याला चालते ती बंगल्याच्या पुलाला का चालू नये, असे कोणी विचारील, आणि प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की दोन्हीकडचा सवाल वेगळा आहे. नळाच्या टोकाला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन पोहोचले की नाही, एवढेच तिथे पाहायचे असते. पाणी पिवळे झाले म्हणजे पोहोचले. पुलात माणसे उतरतात, घाम येतो, सनस्क्रीन सुटते, लहान मुले नको ते करतात. यातल्या अमोनियासारख्या द्रव्यांशी क्लोरीन बांधले जाऊन क्लोरामाइन होते, जे जंतूंविरुद्ध जवळपास निकामी असते. घरगुती ओटी टेस्ट मोकळे क्लोरीन आणि हे बांधलेले क्लोरीन यांची बेरीज दाखवते. नळी पिवळीधमक आणि पाण्यात कामाचे क्लोरीन जेमतेम, असे खुशाल होऊ शकते. शिवाय ऑर्थोटोलिडीन हे घातक रसायन मानले जाते. हाताळताना जपावे लागते आणि चाचणीचे पाणी पुलात परत ओतायचे नसते.

त्याऐवजी डीपीडी किट घ्या. इंग्लंडमधल्या पालिन यांनी १९५०च्या दशकात ही पद्धत आणली आणि आज पुलांसाठी जगभर तीच वापरली जाते. पहिली गोळी टाकली की गुलाबी रंग येतो, तो मोकळ्या क्लोरीनचा. त्यातच तिसऱ्या क्रमांकाची गोळी टाकली की एकूण क्लोरीन कळते. दोन्हींतला फरक म्हणजे बांधलेले क्लोरीन, ते ०.५ पीपीएमच्या वर जाऊ लागले की क्लोरीनचा मोठा डोस देऊन ते मोडायची वेळ झाली. या पद्धतीतही एक खोच आहे. क्लोरीन फार जास्त झाले तर गुलाबी रंगच उडून जातो आणि नळी पांढरी राहते. केअरटेकर म्हणतो, ‘साहेब, क्लोरीन झीरो आहे,’ आणि आणखी टाकतो. गोळी टाकताना क्षणभर रंग चमकून गेला तर तेच समजायचे. पाणी पातळ करून पुन्हा पाहायचे. थेंब मोजण्याची डीपीडी चाचणी मिळाली तर ती आणखी चांगली, कारण तिथे रंगछटा ओळखायची नसते. गुलाबी रंग जाईपर्यंत थेंब मोजायचे असतात. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली तीन छटांमध्ये भांडण लावण्यापेक्षा थेंब मोजणे केअरटेकरलाही सोपे जाते. लक्षात ठेवायचे ते एवढेच की डीपीडीचा ‘मोकळा’ आकडासुद्धा स्टॅबिलायझरने धरलेले क्लोरीन मोजूनच येतो. म्हणून तो एकट्याने वाचायचा नाही, सायन्युरिक ॲसिडच्या आकड्याशेजारी ठेवूनच वाचायचा.

कागदी पट्ट्यांबद्दल माझे मत फारसे बरे नाही. रोजचा अंदाज घ्यायला त्या ठीक आहेत, पण कोकणातल्या दमट हवेत डबीचे झाकण दोनदा उघडे राहिले की पट्टी काय दाखवील याचा नेम नाही, आणि सायन्युरिक ॲसिडचे त्यांचे उत्तर तर फारच ढोबळ असते. आरओ बसवणाऱ्याकडची टीडीएसची पेन काही जण पुलात बुडवून समाधान मानतात. ती पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देते. क्लोरीनबद्दल काही सांगत नाही.

किटमध्ये पीएच तर हवाच. पीएच ७.२ असताना मोकळ्या क्लोरीनपैकी सुमारे दोन तृतीयांश कामाच्या रूपात असते आणि ८ असताना जेमतेम पाव, हे आकडे वाचकांनी पाहिले असतील. ते स्टॅबिलायझर नसलेल्या पाण्याचे आहेत. स्टॅबिलायझर असले की पीएचचा हा परिणाम बराच सौम्य होतो. तरीही डोळ्यांसाठी, प्लास्टरसाठी आणि पंपासाठी पीएच ७.२ ते ७.८ यांच्यात ठेवावा. त्याच्या जोडीला अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) आणि हार्डनेस मोजणारे किट घेणे आपल्याकडे विशेष गरजेचे आहे, कारण दख्खनच्या बोअरचे पाणी बहुधा जड असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हार्डनेसची इष्ट मर्यादा २०० आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅम आहे. पूल भरणारे टँकर याच पट्ट्यात कुठेतरी असतात, आणि उन्हाळ्यात पाणी उडते, क्षार मागे राहतात.

एवढे आकडे हाती आले की क्लोरीनची निवड जवळपास आपोआप होते. सायन्युरिक ॲसिड ३० च्या खाली आणि अल्कलिनिटी भरपूर असेल तर टीसीसीएची गोळी खुशाल वापरा. ती आम्लधर्मी आहे, बोअरच्या पाण्याचा चढता पीएच ती थोडा खाली ओढते, आणि लागणारा स्टॅबिलायझरही तिच्याबरोबरच येतो. आकडा ५० च्या आसपास गेला की गोळी थांबवून लिक्विड क्लोरीनवर, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटवर या. दहा टक्क्यांचे द्रावण असेल तर आपल्या त्या पुलाला रोज सुमारे ८०० मिलिलिटर लागेल. ते मागे मिठाखेरीज विशेष काही ठेवत नाही. दोष एकच, कॅनमध्येच ते मरत जाते. एप्रिल-मेच्या उकाड्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला कॅन काही आठवड्यांत बराच फिका पडतो, तेव्हा भरल्याची तारीख पाहून लहान कॅन घ्यावा आणि सावलीत ठेवावा. कॅल्शियम हायपोक्लोराइट, म्हणजे ६५-७० टक्क्यांचे दाणे, टिकाऊ असतात, पण १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ७ पीपीएम हार्डनेस वाढवतात. हार्डनेस आधीच ४०० असेल तर टाइल्सवर पांढरा थर चढणार हे धरून चाला. टीसीएल पावडर स्वस्त खरी, पण तिच्यात क्लोरीन तिसरा हिस्सा आणि बाकीचा चुना. तो गाळ फिल्टरने सोसायचा. ‘शॉक’ म्हणून विकले जाणारे दाणे घेताना डब्यावर डायक्लोरो असे लिहिले आहे का पाहा. त्यातून १० पीपीएम क्लोरीनमागे ९ पीपीएम सायन्युरिक ॲसिड येते, गोळीपेक्षाही जास्त. पूल छपराखाली असेल तर ऊनच नाही. तिथे गोळी किंवा डायक्लोरो वापरायचे कारणच उरत नाही. ‘आमचा सॉल्टवॉटर पूल आहे, क्लोरीन नाही’ असे सांगणाऱ्यांचे यंत्रही मिठापासून क्लोरीनच बनवत असते.

यावर हमखास येणारी तक्रार अशी की मालक मुंबईत, बंगला लोणावळ्यात. लिक्विड रोज कोण टाकणार? गोळी निदान आठवडाभर आपली विरघळत राहते. तक्रार खोटी नाही. पण त्याचा अर्थ वर्षभर गोळीच, असा होत नाही. मालक नसतील त्या आठवड्यांपुरती गोळी, केअरटेकर असेल तेव्हा लिक्विड, आणि महिनाअखेर ठिपक्याची चाचणी, अशी विभागणी जमण्यासारखी आहे. रोज ८०० मिलिलिटर मोजून ओतणे हे माळीकामापेक्षा अवघड नाही. गोळी स्वस्त पडते हा हिशेबही अर्धाच केलेला असतो. साठलेले सायन्युरिक ॲसिड काढायला निम्मा पूल रिकामा करावा लागतो. आपल्या पुलाला म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर. ते भाडे गोळीच्या किमतीत धरून मग तुलना करावी.

‘पाणी तर काचेसारखं आहे’ हा दुसरा आक्षेप. निवळ दिसणे हे फिल्टरचे आणि तुरटीचे काम आहे. जंतू त्यात दिसत नाहीत. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने दिलेल्या वेळा बोलक्या आहेत. मोकळे क्लोरीन १ पीपीएम, पीएच ७.५, तापमान २५ अंश आणि स्टॅबिलायझर नसलेले पाणी असेल तर ई. कोलाय एका मिनिटाच्या आत मरतो, हिपॅटायटिस ए ला सुमारे १६ मिनिटे लागतात, जिआर्डियाला सुमारे ४५ मिनिटे आणि क्रिप्टोस्पोरिडियमला दहा दिवसांहून जास्त. स्टॅबिलायझर आला की या वेळा लांबतात, म्हणूनच ही संस्था तशा पुलात किमान १ ऐवजी २ पीपीएम क्लोरीन ठेवायला सांगते. क्रिप्टोस्पोरिडियमपुढे घरगुती डोस काहीच करू शकत नाही. जुलाब होत असलेल्या मुलाला पाण्यात न उतरवणे हाच तिथे उपाय. आणि वास? डोळे चुरचुरवणारा तो उग्र ‘क्लोरीनचा’ वास बहुधा क्लोरामाइनचा असतो. वास आला म्हणून क्लोरीन बंद करणारे नेमकी उलटी कृती करतात.

पावसाळ्यात पाणी आपोआप बदलते, असेही म्हणतात. लोणावळ्यापुरते ते बरेचसे खरे आहे. तिथे वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे सव्वा मीटर खोल पुलावर त्याच्या खोलीच्या तिपटीहून जास्त पाणी कोसळते आणि ओसंडून वाहताना जुने क्षार, सायन्युरिक ॲसिड सगळे घेऊन जाते. पुण्यात सात-साडेसातशे मिलिमीटरमध्ये तसे होत नाही. लोणावळेकरांनाही एक काम उरतेच: पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी जवळजवळ नसते, म्हणून सप्टेंबरअखेर ती मोजून खायच्या सोड्याने वाढवावी लागते. ४०,००० लिटरला १० पीपीएम वाढवायला पावणेसातशे ग्रॅम सोडा पुरतो. शिवाय पाऊस वर्षाच्या एका टोकाला येतो, आणि गोळी जास्त खपते ऑक्टोबर ते मे. मे महिन्यातल्या पाहुण्यांना जूनच्या पावसाचा काय उपयोग?

मोजताना पाणी पृष्ठभागावरचे घेऊ नये. नळी उलटी धरून कोपरभर खोल न्यावी आणि तिथे सरळ करावी, फिल्टरचे पाणी परत येते त्या तोंडापासून दूर. नळीवर अंगठा दाबून हलवू नका, बोटाचा घामही रंग बदलतो. रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या भिंतीकडे धरून लगेच वाचावा. द्रावणांना मुदत असते. गेल्या वर्षीचे किट यंदा पुन्हा कामाला लावू नका. क्लोरीन टिकत का नाही हे कळत नसेल तर सूर्य मावळल्यावर एकदा आणि दुसऱ्या दिवशी उगवायच्या आत एकदा मोजा. रात्रीतून १ पीपीएमहून जास्त घट झाली तर ऊन नव्हे, पाण्यातले शेवाळ किंवा घाण क्लोरीन खाते आहे.

साठवणीत एका गोष्टीला सूट नाही. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट किंवा टीसीएल पावडर एकत्र आली तर आग लागते, स्फोट होऊ शकतो. एकाचा चमचा दुसऱ्यात नको, एकाच फ्लोटरमध्ये आज ही आणि उद्या ती गोळी नको. लिक्विड क्लोरीन आणि पीएचसाठी आणलेले ॲसिड शेजारी ठेवू नका. दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. रसायन नेहमी पाण्यात टाकायचे, रसायनावर पाणी ओतायचे नाही.

आज पहिल्यांदाच ठिपक्याची चाचणी करून दीडशे आकडा आला, तर गोळी आजच थांबवा आणि निम्मे पाणी बदला; एकदा बदलले की ७५, पुन्हा तसेच केले की चाळिशीच्या आत. किनाऱ्यालगत भूजल वर असते तिथे पूल एकदम पूर्ण रिकामा करू नये. खालून दाब येऊन तळ उचलला जाऊ शकतो. सोडायचे पाणी ओढ्यात, विहिरीजवळ किंवा झाडांत तसेच घालवू नका. गोळी बंद करून पाणी चार-सहा दिवस उन्हात राहू द्या, डीपीडीची नळी गुलाबी होत नाही हे पाहा आणि मग पंप लावा.